कृत्तिका, रोहिणी, मृग : तरुण तारे आणि त्यांच्या अंगावरचे डाग



चंद्रावर डाग आहे हे आपण आजीच्या मांडीवर बसून ऐकलेले असते. सूर्यावरही डाग असतात हे शाळेच्या पुस्तकात येते. दूरच्या ताऱ्यांवरही डाग असतात, आणि तारा जितका तरुण तितके ते मोठे, ही गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. आमची पदवी बी.कॉम.ची आणि नोकरी बँकेतली. निवृत्तीनंतर सवडीने जे वाचले आणि समजून घेतले, ते घरातल्या सर्वांना वाचता येईल अशा भाषेत मांडत आहोत. विषय दूरचा वाटला तरी त्याचा एक धागा थेट मुंबईच्या कुलाब्यापर्यंत आणि आपल्या घरातल्या विजेच्या मीटरपर्यंत येतो.

डाग म्हणजे काय?

सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५५०० अंश सेल्सिअस आहे. डागाच्या मधल्या भागात ते सुमारे ३५०० अंशांपर्यंत उतरते. म्हणजे डाग थंड नसतो, शेजारच्या भागापेक्षा कमी तापलेला असतो. पण तापमान थोडे उतरले की प्रकाश फार उतरतो. त्यामुळे डागाच्या गाभ्यातून शेजारच्या तेवढ्याच जागेच्या साधारण एक पंचमांश उजेड येतो आणि तुलनेने तो काळा दिसतो. तोच डाग एकटा काढून रात्रीच्या आकाशात ठेवता आला असता, तर तो चांगला झगझगीत दिसला असता.

हा भाग कमी का तापतो? वरण उकळताना पाहा. तळाचे गरम वरण वर येते, वरचे थोडे निवून खाली जाते. सूर्याच्या बाहेरच्या थरात आतली उष्णता अशीच वर येत असते. पण तेथील वायू विद्युतभारित असल्यामुळे तो चुंबकीय क्षेत्राला बांधलेला असतो. काही ठिकाणी हे क्षेत्र इतके तीव्र होते की वायूची वर-खाली हालचालच रोखली जाते. खालची उष्णता वर पोचत नाही आणि तेवढा भाग काळवंडतो. सूर्यडागांत तीव्र चुंबकत्व असते हे १९०८ साली अमेरिकेत जॉर्ज एलरी हेल यांनी दाखवून दिले. होकायंत्राची सुई फिरवणाऱ्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या ते हजारो पट असते.

हे चुंबकत्व येते कोठून? दोन गोष्टी एकत्र आल्या की येते : एक ही आतली उकळी, आणि दुसरे ताऱ्याचे स्वतःभोवती फिरणे. सूर्यासारख्या ताऱ्यात गिरकी जितकी जलद, तितके चुंबकत्व जोरदार आणि डागही तितके मोठे. पुढचे सगळे या एका वाक्यावर उभे आहे.

ठिपक्यावरचा डाग कसा कळतो?

सूर्य जवळ आहे, त्याची थाळी दिसते, त्यावरचे डाग मोजता येतात. तारा मात्र मोठ्या दुर्बिणीतूनही बहुधा ठिपकाच दिसतो. मग त्यावर डाग आहे हे कसे ठरवायचे?

नवरात्रात आपल्या शेजारच्या गुजराती घरांत गरबो असतो. भोके पाडलेली मातीची मटकी आणि आत दिवा. समजा, एका बाजूच्या भोकांवर काजळी धरली आहे आणि कोणीतरी ती मटकी पाटावर सावकाश फिरवत आहे. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या मुलाला काजळी दिसणार नाही, पण भिंतीवरचा उजेड ठरावीक वेळाने मंद होतो आणि पुन्हा वाढतो हे दिसेल. दोन मंद क्षणांमधला वेळ घड्याळात मोजला की मटकी किती वेळात एक फेरी घेते ते कळले. उजेड किती उतरला यावरून काजळी किती मोठी आहे याचाही अंदाज आला.

खगोलशास्त्रज्ञ हेच करतात. ताऱ्याचा उजेड दर थोड्या वेळाने मोजतात आणि त्याचा आलेख काढतात. बँकेत खात्याचा उतारा वाचायची सवय असलेल्यांना ही पद्धत परकी वाटणार नाही. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला शिल्लक वाढताना दिसली की खातेदार पगारदार किंवा पेन्शनर आहे हे नाव न वाचता कळते. रक्कम कधीही, कितीही जमा होत असेल तर ते दुकानदाराचे खाते. ताऱ्यांच्या आलेखातही असे दोन्ही नमुने सापडतात.

उजेड कमी-जास्त होण्याची कारणे इतरही असू शकतात. दोन तारे एकमेकांना झाकत असतील, तारा स्वतः फुगत-आक्रसत असेल, किंवा मध्ये धूळ आली असेल. म्हणून डागाचे पुरावे वेगळे तपासतात. डाग कमी तापलेला असल्यामुळे तो समोर आला की तारा मंद तर होतोच, पण किंचित तांबूसही होतो. ताऱ्याच्या वर्णपटात अशा रेणूंच्या खुणा उमटतात, जे भर उष्णतेत टिकत नाहीत आणि फक्त डागाच्या ‘गारव्यात’ टिकू शकतात. शिवाय चुंबकत्वामुळे वर्णपटातील रेषा दुभंगतात किंवा रुंदावतात. हे सर्व जुळले की मगच डाग मान्य होतो.

सूर्याचे आकडे आणि तरुण ताऱ्याचे आकडे

आपला सूर्य ४६० कोटी वर्षांचा आहे. त्याच्या विषुववृत्तावरचा भाग सुमारे २५ दिवसांत एक फेरी घेतो. अगदी मोठे डागही त्याच्या समोरच्या बाजूचा एक टक्का व्यापत नाहीत. डागांचा मोठा समूह समोर आला तर त्याचा उजेड टक्क्याच्या दोन-तीन दशांशांनी उतरतो, तो डोळ्यांना कळतही नाही.

आता वृषभ राशीतला व्ही-४१० टॉरी हा तारा घ्या. वय जेमतेम काही दशलक्ष वर्षे, अंतर सुमारे ४२० प्रकाशवर्षे. तो १.८७ दिवसांत, म्हणजे सुमारे ४५ तासांत, स्वतःभोवती फिरतो. काही वर्षी त्याच्या उजेडातला फरक ०.६ प्रतीपर्यंत गेलेला आहे. सोप्या हिशेबात, सर्वांत तेजस्वी असताना १०० धरले तर मंद बाजू समोर आल्यावर ५७-५८ उरतात. त्याच्या एका बाजूचा निम्म्याच्या आसपास भाग डागांनी भरल्याशिवाय एवढी घट निघत नाही. डाग विरतात, नवे येतात, म्हणून आलेखाचा आकार वर्षावर्षाला बदलतो. फेरीचा काळ मात्र तोच राहतो.

याहून लहान वयाचे, अजून जन्मकाळच्या वायू-धुळीच्या चकतीत गुरफटलेले तारे असतात. चकतीतला वायू चुंबकीय रेषांवरून घसरत ताऱ्यावर आदळतो आणि तेथे उलट जास्त तापलेले, उजळ डाग तयार होतात. वायू कधी जास्त पडतो, कधी कमी. म्हणून यांचा उजेड दुकानदाराच्या खात्यासारखा, बिनहिशेबी चढतो-उतरतो. आल्फ्रेड जॉय यांनी १९४५ साली अशा ताऱ्यांचा वेगळा वर्ग सांगितला आणि वृषभेतल्याच टी टॉरी या ताऱ्यावरून त्याला नाव पडले. चकती संपली की मागे राहतो तो पेन्शनरासारखा नियमित आलेख.

येथे एक गमतीची गोष्ट सांगायला हवी. सूर्यावर डाग जास्त असलेल्या वर्षी सूर्य एकंदरीत मंद होत नाही, सुमारे ०.१ टक्का उजळतो. कारण डागांच्या आसपास उजळ पट्टेही वाढतात आणि त्यांची बेरीज डागांच्या वजाबाकीवर मात करते. तरुण ताऱ्यांत ताळेबंद उलटा होतो. तेथे डागच इतके मोठे की जास्त डागांच्या वर्षी तारा मंद होतो. वय वाढता वाढता तारा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातो.

तीन नक्षत्रे, तीन वये

आता आपल्या पंचांगातली ओळीने येणारी तीन नक्षत्रे घ्या : कृत्तिका, रोहिणी, मृग. कार्तिक महिन्याचे नाव कृत्तिकांवरून आले, मार्गशीर्षाचे मृगशीर्षावरून. योगायोग असा की आकाशाच्या या एकाच पट्ट्यात ताऱ्यांचे बालपण, तारुण्य आणि प्रौढपण जवळजवळ दिसते.

मृगाच्या तीन ठळक ताऱ्यांच्या, म्हणजे बाणाच्या, खाली एक धूसर ठिपका आहे. तो तेजोमेघ, सुमारे १३५० प्रकाशवर्षांवरची ताऱ्यांची सूतिकागृहे. तेथील तारे दहा-वीस लाख वर्षांचे, म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबात तान्हे. कृत्तिकांचा गुच्छ सुमारे ४४० प्रकाशवर्षांवर आहे आणि त्याचे वय साधारण १२.५ कोटी वर्षे. रोहिणीभोवती इंग्रजी व्ही अक्षरासारखा जो गुच्छ दिसतो तो सुमारे १५० प्रकाशवर्षांवर, वय साधारण ६५ कोटी वर्षे. (खुद्द रोहिणीचा तांबूस तारा या गुच्छाचा नाही. तो फक्त ६५ प्रकाशवर्षांवर, मध्येच उभा आहे.)

तान्हा तारा आक्रसत जातो आणि आक्रसताना त्याची गिरकी वाढते. फुगडी घालणाऱ्या मुली अंग जवळ घेतात तेव्हा वेग कसा वाढतो ते आठवा. चकती असेपर्यंत ती त्याला थोडे धरून ठेवते. चकती गेली की वेग मोकळा सुटतो. पूर्ण आक्रसून झाल्यावर मात्र उलटा प्रवास सुरू होतो. ताऱ्यातून सतत भारित कणांचा वारा बाहेर वाहतो. हा वारा चुंबकीय रेषांना धरून दूरपर्यंत ताऱ्याबरोबर फिरत राहतो आणि मग सुटून जाताना गिरकीचा थोडा वाटा घेऊन जातो. फुगडीत हात लांब सोडले की वेग मंदावतो, तसेच हे. गिरकी मंदावली की चुंबकत्व कमी, डाग कमी, वाराही कमी.

१९७२ साली अँड्र्यू स्कुमानिच यांनी कृत्तिका, रोहिणीचा गुच्छ आणि सूर्य यांच्या नोंदी शेजारी ठेवून एक सोपा नियम मांडला. सूर्यासारख्या ताऱ्याचे वय चौपट झाले की त्याच्या एका फेरीला दुप्पट वेळ लागतो. म्हणजे फेरीचा काळ वयाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. हा हिशेब घरी करून पाहण्यासारखा आहे.

सूर्याचे वय ४६० कोटी वर्षे, फेरी २५ दिवसांची. कृत्तिकांचे वय १२.५ कोटी. ४६० भागिले १२.५ म्हणजे जवळजवळ ३७. त्याचे वर्गमूळ ६ च्या किंचित वर. २५ दिवसांना ६ ने भागले की सुमारे ४ दिवस. रोहिणीच्या गुच्छासाठी ४६० भागिले ६५ म्हणजे सुमारे ७, वर्गमूळ २.६५, उत्तर सुमारे साडेनऊ दिवस. प्रत्यक्ष मोजमापात सूर्यासारख्या ताऱ्यांचे आकडे साधारण याच्या आसपास येतात. तान्ह्या ताऱ्यांना आणि सूर्याहून फार लहान ताऱ्यांना मात्र हा नियम असा सरळ लागू पडत नाही.

ही मोजमापे अवकाशातील दुर्बिणींनी फार सुधारली. केप्लर दुर्बिणीने २०१५ साली सुमारे ७२ दिवस कृत्तिकांकडे टक लावून पाहिले आणि तेथील सुमारे ७५० ताऱ्यांचे फिरण्याचे काळ डागांवरून ठरवता आले. जन्मदाखला नसलेल्या माणसाचे वय चालण्यावरून ओळखावे, तसे आता ताऱ्याची गिरकी मोजून त्याचे वय काढतात.

मग आपल्याला काय त्याचे?

ज्या चुंबकत्वाने डाग पडतात, तेच चुंबकत्व ताणले जाऊन तुटते तेव्हा ज्वाला उसळतात आणि वायूचे प्रचंड लोट बाहेर फेकले जातात. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यडागांच्या समूहावर एक लखलखाट पाहिला. साडेसतरा तासांच्या आसपास ते वादळ पृथ्वीवर पोचले. तारायंत्रांच्या तारांतून ठिणग्या उडाल्या. या वादळाची एक फार मोलाची नोंद आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या वेधशाळेत झाली. तेथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घट टिपली गेली. शंभरहून अधिक वर्षांनी शास्त्रज्ञांनी या वादळाची ताकद ठरवताना त्याच कुलाब्याच्या कागदांचा आधार घेतला. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ साली हे चुंबकीय काम अलिबागला नेले आणि तेथे ते आजही चालू आहे. रोजची नोंद रोज, नेमाने लिहून ठेवण्याचे महत्त्व बँकवाल्यांना वेगळे सांगायला नको.

तुलनेसाठी पाहा : १० व ११ मे २०२४ च्या वादळात, ज्याने लडाखमधील हानले येथेही आकाश तांबडे झाले, ही घट सुमारे ४०० नॅनोटेस्ला होती. मार्च १९८९ च्या वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांतातील ६० लाख लोकांची वीज सुमारे ९ तास गेली होती. १८५९ मध्ये विजेचे जाळे नव्हते, उपग्रह नव्हते. आज पैशांची देवघेव, विमानांचा मार्ग, घरातला पंखा, सगळे त्यांवर चालते. म्हणून सूर्याच्या स्वभावावर पाळत ठेवणे ही चैन राहिलेली नाही. २ सप्टेंबर २०२३ रोजी सोडलेले आपले आदित्य एल-१ हेच काम करते. त्यावरची सूर्याची अतिनील छायाचित्रे घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुकाने तयार केली आहे आणि सौर वाऱ्याचे कण मोजणारे उपकरण अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने.

आता सुमारे ४५ तासांत फिरणाऱ्या, निम्मी बाजू डागांनी भरलेल्या ताऱ्यावर काय होत असेल? सुमारे १११ प्रकाशवर्षांवर ईके ड्रॅकोनिस नावाचा तारा आहे. तो सूर्यासारखाच, पण ५ ते १२.५ कोटी वर्षांचा. म्हणजे आपल्या सूर्याचे तरुणपणीचे छायाचित्रच. एप्रिल २०२० मध्ये त्यावर झालेल्या उद्रेकात फेकला गेलेला वायू सूर्यावरच्या सर्वांत मोठ्या उद्रेकांच्या सुमारे १० पट होता. आपला सूर्यही कधी असा होता, आणि त्या वयाच्या सूर्यासमोर पृथ्वी उभी होती. तिचे वातावरण आणि पाणी कसे टिकले याचे उत्तर शोधायचे तर कृत्तिकांतल्या ताऱ्यांचेच डाग मोजावे लागतात.

दुसरा उपयोग ग्रह शोधण्यात आहे. अबूच्या गुरुशिखरावर अहमदाबादच्या याच प्रयोगशाळेची वेधशाळा आहे. आपल्यापैकी पुष्कळजण अबूला जाऊन आले असतील. दत्ताच्या पादुकांचे दर्शन घेताना तेथला पांढरा घुमटही पाहिला असेल. तेथील ‘पारस’ या उपकरणाच्या मदतीने २०१८ साली सुमारे ६०० प्रकाशवर्षांवरचा एक ग्रह जाहीर झाला. तो पृथ्वीच्या सुमारे २७ पट वस्तुमानाचा असून १९.५ दिवसांत आपल्या ताऱ्याभोवती फिरतो. असा ग्रह ताऱ्याला किंचित हलवतो आणि तेवढ्यावरून ओळखला जातो. पण डाग असलेला तारा फिरताना तशीच खोटी हालचाल दाखवू शकतो. म्हणून ताऱ्याच्या फेरीचा काळ आधी ठाऊक असावा लागतो. नाहीतर डागालाच ग्रह समजून जमा दाखवली जायची.

भावनगरची देणगी, पुण्याची वेधशाळा

गुजरातेत राहणाऱ्या मराठी माणसाला आवडेल अशी एक नोंद. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी जी वेधशाळा उभारली, तिला भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी देणगी दिली आणि त्यांचेच नाव तिला मिळाले. तिची २० इंची दुर्बीण त्या काळी देशातील मोठ्या दुर्बिणींपैकी होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध नायगमवालांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून घेतले. १९१२ साली ते निवृत्त झाल्यावर वेधशाळा बंद झाली आणि उपकरणे कोडाईकनालला गेली. त्या कोडाईकनालमध्ये शंभराहून अधिक वर्षे सूर्याची छायाचित्रे घेतली जात आहेत. जगातील सूर्यडागांच्या सर्वांत लांब नोंदींपैकी ती एक आहे.

आपण काय पाहू शकतो?

उत्तरायणाच्या रात्री पतंग उतरले की सगळे गच्चीवरच असतात. नऊच्या सुमारास मान वर करा. कृत्तिका वडोदऱ्यात जवळजवळ थेट डोक्यावर असतात. तेथून पूर्वेकडे थोडे खाली रोहिणी, आणि आग्नेयेला मृग. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सहा-सात कृत्तिका फार तापलेले निळसर तारे आहेत, डागांचे नव्हेत. डागांचे तारे त्यांच्याच मागे लपलेले आहेत. आपला सूर्य तेथे नेऊन ठेवला तर तो १०.५ प्रतीचा दिसेल, म्हणजे लहान दुर्बीण हवी. मुलांना ही तीन वये बोटाने दाखवा, आणि वर्गमुळाचा हिशेब त्यांच्याकडूनच करवून घ्या.

सूर्यडाग पाहायचे तर सूर्याकडे थेट, किंवा साध्या दुर्बिणीतून, कधीही पाहू नका. डोळा कायमचा जातो. लहान आरशावर ५ मिलिमीटर भोक पाडलेला कागद चिकटवा आणि त्याचा कवडसा १५ मीटरवरच्या अंधाऱ्या भिंतीवर पाडा. सुमारे १४ सेंटिमीटरची सूर्याची थाळी उमटते आणि फार मोठा डाग असेल तर तोही दिसतो. पाहायचे ते भिंतीकडे, आरशात नव्हे. थोडी जास्त उत्सुकता असलेल्या नातवंडांना घेऊन कमाटीबागेतले सरदार पटेल तारांगण आहेच.

डाग म्हटला की आपण तो दोष समजतो. ताऱ्याच्या बाबतीत तो वयाचा दाखला आहे. ज्या सूर्याखाली आपण पापड वाळवतो तो आज शांत आहे, कारण त्याने ४६० कोटी वर्षे आपली गिरकी हळूहळू खर्च केली आहे.